मोत्याचे दात

घराला कुलूप लावणे ही विद्या मला चाळिशी उलटल्यावर शिकावी लागली. तसे आमच्या घरी कुलूप होते. चांगले जाडजूड, पितळी. त्याची किल्ली देवघराजवळच्या खुंटीला टांगलेली असे. पण ते लावायची वेळ कधी येत नसे. मी शाळेत जावे, सौ.ने आरोग्य केंद्रात आपल्या ड्यूटीवर जावे, मुलीने कॉलेजात जावे. ओसरीवर खांबाला टेकून आई बसलेली असायचीच. मुलगी पुढे शिकायला अमरावतीला गेली, आणि गेल्या माघात आई गेली. दिवसकार्य आटोपून आम्ही दोघे पहिल्यांदा कामावर निघालो तेव्हा दारात उभे राहून एकमेकांकडे पाहू लागलो. किल्ली कोणी न्यायची हे ठरलेच नव्हते.

या कुलूपबंद घरात जुलैच्या पहिल्या आठवड्यात मोत्या आला.

आमचे बुलढाणे अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले. खाली मलकापूरच्या बाजूला उन्हाने जीव कासावीस होत असतो तेव्हाही इथे संध्याकाळी थोडा वारा लागतो, आणि पावसाळ्यात राजूर घाटातले ढग थेट गावात शिरतात. अशाच एका धुकट सकाळी माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील पोत्यात काहीतरी गुंडाळून घेऊन आले. शेतावरच्या कुत्रीने गोठ्यात पाच पिल्ले दिली होती, त्यांतले हे शेवटचे. दीड-दोन महिन्यांचे, भाकरीच्या रंगाचे, एक कान उभा आणि एक पडलेला.

"मास्तर, दिवसभर घराले कुलूप असते तुमच्या. राखाले राहू द्या," ते म्हणाले.

त्याला नाव देण्यात मी कल्पनाशक्ती मुळीच खर्च केली नाही. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाने कुत्र्याला मोत्या म्हणावे, यावरून मुलीने फोनवर माझी यथेच्छ टिंगल केली. पण नाव सार्थ ठरले. त्याचे दात खरोखर मोत्यांसारखे होते. लहान, शुभ्र, एका ओळीत बसवलेले. फक्त या मोत्यांना सुईची टोके होती.

पहिले काही आठवडे कौतुकात गेले. पोळा जवळ आला आणि मोत्याने घर राखण्याऐवजी खायला सुरुवात केली. आधी चपला गेल्या. प्रत्येक जोडातली एकच. त्यामुळे उरलेली टाकवत नसे आणि घालवतही नसे. मग केरसुणी, मग खुर्चीचा पाय, मग सातवीच्या घटक चाचणीचे अकरा पेपर. "सर, आमचे पेपर कुत्र्यानं खाल्ले का हो?" असे पोरांनी विचारले तेव्हा, गृहपाठाबद्दल इतकी वर्षे ऐकलेल्या सगळ्या सबबींचा सूड एका दिवसात उगवला गेला. एके दिवशी नव्या कादंबरीची आठ पाने गेली. माझे लिखाण पचवणारा पहिला वाचक भेटला, असे मी सौ.ला म्हणालो, पण ते हसू वरवरचे होते. गादीचा कोपरा फाडला त्या दिवशी तर आमच्या माजघराला खामगावच्या कापूसबाजाराची कळा आली होती.

शेजारीपाजारी सल्ले द्यायला मागेपुढे पाहत नाहीत. कोणी सांगितले, मिरचीची पूड लावा. मी खुर्चीच्या पायाला लावली. मोत्या दोन वेळा शिंकला आणि शेजारच्या पायाकडे वळला. तोच हात मी डोळ्याला लावला आणि अर्धा तास मोरीत बसलो. कोणी सांगितले, कडुलिंबाचा पाला चोळा. तो त्याने गुढीपाडवा असल्यासारखा खाल्ला. साखळीने बांधून पाहिले, तर दिवसभर असा गळा काढला की शेजारच्या काकू संध्याकाळी दारात उभ्या. "मास्तर, तुमचं कुत्रं रडते का कोणी माणूस रडते, समजत नाही हो." आणि बहुतेकांचे मत एकच होते: "लाड कायचे त्याचे? दोन रट्टे हाना, सरकं होते."

तसे मी केले, याची मला आज लाज वाटते.

आईच्या खाटेच्या पायथ्याशी एक कापडी पिशवी होती. तिच्यात वाती होत्या. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत कोणा ना कोणा विद्यार्थ्याच्या घरून कापूस येई. आई त्यातली सरकी काढी, कापूस पिंजून मोकळा करी आणि दिवसभर वाती वळी. लांब वाती, फुलवाती. शेवटी शेवटी तिला दिसत कमी होते, पण बोटांना दिसत होते. ती गेली तेव्हा ती पिशवी अर्धी भरलेली होती. खाट आम्ही हलवली नाही, आणि पिशवीही नाही.

त्या दिवशी शाळेतून येऊन कुलूप काढले तो घरभर पांढरे. पुन्हा गादी फाडली, असे आधी वाटले. मग पायाखाली एक वात आली. पिशवीच्या चिंध्या झाल्या होत्या, आणि त्यांच्या मधोमध मोत्या शेपूट हलवत उभा होता. हातात शाळेची लाकडी पट्टी होती. किती वेळा मारली ते मी मोजले नाही. तो खाटेखाली शिरला, तिथेच त्याने घाण केली, आणि तरी माझा हात थांबला नव्हता. सौ. मागून आली. तिने पट्टी माझ्या हातातून काढून घेतली आणि काही न बोलता खाली बसून एकेक वात वेचू लागली. ओल्या झालेल्या वेगळ्या, तुटलेल्या वेगळ्या, धड वेगळ्या.

दुसऱ्या दिवशी मी दार उघडले तेव्हा मोत्या भिंतीला चिकटून पोटावर सरपटत होता. कान पाडलेले, डोळे वर. मी म्हटले, आज काय खाल्लेस? घर धुंडाळले. काहीही फाटलेले नव्हते. कागदाचा एक कपटासुद्धा जागचा हलला नव्हता.

"अहो, तो केलेल्याला भीत नाही," सौ. म्हणाली. "कुलपाच्या आवाजाला भितो."

त्या रात्री मला महाभारत आठवले. युधिष्ठिर आपल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात यायला तयार होईना, ही गोष्ट मी वर्गात कितीदा सांगितली आहे. पण आदिपर्वाच्या आरंभीही एक कुत्रा आहे, त्याची गोष्ट मी कधी सांगितली नव्हती. जनमेजयाचा यज्ञ चालला असता सरमा या देवशुनीचे पोर तिथे येते. राजाचे भाऊ त्याला बडवून काढतात. ते रडत आईकडे जाते. ती आधी त्यालाच विचारते, तू काही आगळीक केलीस का? ते सांगते, मी हविर्द्रव्याला तोंड लावले नाही, तिकडे पाहिलेसुद्धा नाही. मग सरमा यज्ञात जाऊन राजाला जाब विचारते. उत्तर कोणीच देत नाही. निरपराधाला मारलेत, तेव्हा नकळत भय तुमच्यावर येईल, असा शाप ती देते आणि एवढा मोठा राजा घाबरून जातो. माझ्या मोत्याने वाती फाडल्या होत्या हे खरे. पण फाडल्या दुपारी केव्हातरी, आणि मी मारले संध्याकाळी पाचनंतर. त्या वेळी तो काय करीत होता? मी आल्याचा आनंद. मी त्या आनंदाला मारले होते.

रविवारी त्याला घेऊन गुरांच्या डॉक्टरांकडे गेलो. अकोल्याला पशुवैद्यक शिकून आलेला तरुण माणूस. त्याने मोत्याचा ओठ वर केला आणि मला आत पाहायला लावले. पुढचे दोन दात पडलेले, हिरडी लाल.

"सर, माणसाच्या पोराला दुधाचे दात वीस असतात, याला अठ्ठावीस. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत बेचाळीस पक्के दात येतात. तोवर हिरड्या ठणकणार, आणि समोर येईल ते हा चावणार. हा झाला अर्धा भाग. तुम्ही घरी असताना फाडतो का?"

मी विचार केला. घरी असताना फार तर पायजम्याची नाडी धरी.

"म्हणजे उरलेला अर्धा भाग एकटेपणाचा. गेल्यावर किती वेळाने सुरू करतो?"

हे मला ठाऊक नव्हते. मी नसताना घरात काय होते, हा प्रश्नच मला कधी पडला नव्हता.

मारण्याबद्दल मी स्वतःच कबुली दिली. डॉक्टरांनी एक प्रयोग सांगितला. न्यू यॉर्कच्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या विदुषींनी तो २००९ साली प्रसिद्ध केला. मालकाने कुत्र्याला खाऊ न खाण्याची ताकीद देऊन खोलीबाहेर जायचे. परत आल्यावर त्याला कधी खरे सांगितले जाई, कधी खोटे. आपण ज्याला अपराधी चेहरा म्हणतो, तो कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही यावर अवलंबून नव्हता, मालक रागावला की नाही यावर होता. उलट काही न खाता बोलणी बसलेल्यांचाच चेहरा अधिक पडला. हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर कुत्रा नव्हता. वर्गातली दोन-तीन मुले होती.

मुलीचा जुना मोबाईल फडताळावर टेकवून, चित्रीकरण चालू करून आम्ही बाहेर पडलो. संध्याकाळी दोघांनी बसून ते पाहिले. कुलूप लागल्याचा आवाज होतो. मोत्या दाराच्या फटीला नाक लावून बसतो. पाच मिनिटे तसाच. मग दार ओरबाडतो, केकाटतो, घरभर फिरून पुन्हा दाराशी येतो. नंतर आतून माझी चप्पल तोंडात धरून आणतो, दाराशी ठेवतो आणि तिच्यावर हनुवटी टेकून पडतो. पुन्हा उठतो. दहा-पंधरा मिनिटांनी चप्पल चावू लागतो. परीक्षेच्या वेळी पोरे पेन्सिल चावतात ना, अगदी तसे; लक्ष दाराकडे. सौ.ने मध्येच मोबाईल उलटा ठेवला.

आमच्या जिल्ह्यात २०१९ साली एक पाहुणा आला होता. यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ, गळ्यात रेडिओचा पट्टा, शेते, रस्ते, नद्या ओलांडत वर्षअखेरीस आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन राहिला. त्याची एकूण भटकंती तीन हजार किलोमीटरांवर गेली. त्या वाघाचे आम्हाला किती कौतुक! पण तो एकटाच हिंडायचा, एकट्याने राहणे त्याच्या रक्तात. कुत्र्याची जात निराळी. हजारो वर्षांपूर्वी ती माणसाच्या शेकोटीशी येऊन बसली आणि तिथून उठली नाही. तिला कुलूपबंद घरात सहा तास एकटे ठेवायचे तर ते शिकवावे लागते, बाराखडी शिकवावी तसे. आम्ही पहिल्या दिवशीच त्याला शेवटचा धडा दिला होता.

डॉक्टरांनी सांगितलेला अभ्यासक्रम सोपा होता, कंटाळवाणाही होता. चपला, पुस्तके, पेपर माळ्यावर. चार्जरची वायर काढून ठेवायची, कारण ती चावली तर जीव जाईल. पहाटे पाचला त्याला घाटाच्या रस्त्याने भरपूर चालवून आणायचे. दमलेले पिल्लू झोपते. हिरड्यांसाठी सुती दोराची जाड गाठ ओली करून फ्रीजमध्ये थंड करायची आणि दोरे सुटू लागले की फेकून द्यायची. जुनी चप्पल खेळायला द्यायची नाही. जुनी कोणती नि नवी कोणती हे त्याला कळत नाही. शिजवलेली हाडे तर नकोतच, त्यांच्या फाका घशात नि आतड्यात घुसतात. मुलीने अमरावतीहून एक पोकळ रबरी खेळणे पाठवले. त्यात भाकरीचा कुस्करा दह्यात कालवून ठासायचा आणि ते फक्त आम्ही निघताना द्यायचे. म्हणजे आमचे जाणे ही एक बरी गोष्ट होऊ लागते. दुपारी मधल्या सुट्टीत शेजारच्या आळीतला माझा एक विद्यार्थी येतो. त्याचे आईवडील कामासाठी बाहेरगावी असतात, तो आजीजवळ राहतो. तो मोत्याला बाहेर फिरवतो. इतक्या लहान पिल्लाने सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्याने राहावे ही अपेक्षाच चुकीची, असे डॉक्टर म्हणाले.

सर्वांत मोठा धडा जाण्या-येण्याचा. आधी किल्ल्या नुसत्या वाजवायच्या आणि खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचायचे. दिवसातून दहा वेळा. मग दाराबाहेर जायचे, दहा आकडे मोजायचे आणि आत यायचे. निघताना लाडीगोडी नाही, आल्यावर गाजावाजा नाही. मग वीस आकडे, मग एक मिनिट, मग पाच. तो केकाटायच्या आत परत यायचे. केकाटल्यावर दार उघडले तर केकाटण्याने दार उघडते हेच तो शिकणार. आळीतल्या लोकांनी आठ दिवस फुकट करमणूक अनुभवली. मास्तर स्वतःच्याच घराला कुलूप लावतात, ओठांत काहीतरी पुटपुटतात आणि लगेच कुलूप काढून आत जातात. "कायचं अनुष्ठान चालू आहे, मास्तर?" एकाने विचारलेच.

एका संध्याकाळी वीस मिनिटांचा पाठ होता. इतका वेळ उभे कसे राहायचे, म्हणून मी ओसरीवर आईच्या जागी बसलो. खांबाशी. तिथे मी कधीच बसलो नव्हतो. ती जागा आईची, एवढेच ठाऊक. पाठ टेकायला खांब आहे म्हणून ती तिथे बसते, असा आमचा समज होता. आत मोत्या एकदा कुंईऽ करून गप्प झाला. मी सहज समोर पाहिले. आमच्या ओसरीला दोन्ही बाजूंनी घरांच्या भिंती आहेत. आळीचे वळण, जिथून माझी स्कूटर आत शिरते, ते ओसरीवर कुठूनही दिसत नाही. फक्त त्या खांबापासून दिसते.

मी तिथे बसून राहिलो. कोणाकोणाच्या गाड्या त्या वळणावर आल्या आणि पुढे गेल्या.

मी निघालो की आई रोज विचारी, "कवा येशीन रे?" आणि मी चप्पल पायात सरकवीत म्हणे, "येतो." येतो म्हणजे केव्हा, हे मी कधी सांगितले नाही. शाळा सुटल्यावर ग्रंथालय, मित्र, कधी साहित्याचा कार्यक्रम असला तर अकोला, खामगाव. रात्रीचे अकरा वाजत. आई जागीच असे, आणि पुढ्यात वातींचा ढीग. "एवढ्या वाती कशाला गं? आपल्या देवाला वर्षभरात शंभर पुरतात," मी एकदा चिडून म्हटले होते. ती म्हणाली, "हाताले काही काम नको का रे?" ही म्हातारपणाची सवय आहे, असे मी त्यावेळी समजलो.

वीस मिनिटांच्या जागी चाळीस झाली होती. आतून आवाज येत नव्हता. दार उघडले तर मोत्या रबरी खेळणे कुशीत घेऊन झोपला होता. पाऊल वाजल्यावर त्याने डोळा उघडला, शेपटी जमिनीवर दोनदा आपटली, आणि पुन्हा झोपला. तो माझ्याकडे सरपटत आला नाही, यासारखे प्रशस्तिपत्र मला आजवर कोणी दिलेले नाही.

हे लिहितो आहे तेव्हा नवरात्र संपले आहे. मोत्याचे सुळे पक्के आले आहेत. दुपारच्या त्या मुलाच्या फेरीच्या जोरावर तो आता दिवस काढतो. सगळे सुधारले असे मात्र म्हणवत नाही. गेल्याच आठवड्यात त्याने नवी केरसुणी संपवली, आणि त्या दिवशी पहाटे पाऊस म्हणून मी त्याला फिरायला नेले नव्हते. त्याच्या गुन्ह्यांची नोंदवही ठेवावी तर प्रत्येक पानावर माझी सही निघेल. दिवाळीत फटाक्यांचे दिवस मात्र त्याला एकटा ठेवायचा नाही, असे ठरले आहे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आम्ही कोणाकडे जाणार नाही. ज्यांना यायचे त्यांनी आमच्याकडे यावे. मुलगीही येते आहे.

सौ.ने त्या दिवशी वेचलेल्या धड वाती एका डब्यात ठेवल्या होत्या. परवा पणत्या काढताना तिने त्या मोजल्या. दोनशेच्या वर निघाल्या. मी म्हटले, जपून वापरू, पुढच्या वर्षीही पुरतील. ती म्हणाली, "जपून कशाला? जाळायलाच वळल्या होत्या त्यांनी."

काल शाळेत निघताना तिने दारातून विचारले, "कधी याल?"

मी स्कूटर बंद केली. "साडेपाचला," म्हणालो.

आणि साडेपाचला आलो.